नव्वद सोडले

"तीस सोडले," सुभद्राबाई म्हणाल्या.

"पस्तीस." अर्जुनरावांनी विडी झटकली.

कासारवाडीच्या चाळीपुढं निंबाच्या सावलीत महिन्याच्या पहिल्या रविवारची भिशी बसली होती. वीस जण, माणशी दहा रुपये, मध्ये पंचावर दोनशेचा ढीग. लिलावाची भिशी. जो जास्त रुपये सोडील त्यानं उरलेले उचलायचे, सोडलेले विसांनी वाटून घ्यायचे, आणि उचलणाऱ्यानं पुढं दरमहा दहा-दहा भरत बसायचं. त्या विसांत बाई एकच, खानावळवाल्या सुभद्राबाई.

पिंपरीत नव्या कारखान्यासमोरचा गाळा त्यांना हवा होता. मालकाला उद्याच्या उद्या दीडशे रुपये पागडी पाहिजे, नाहीतर गाळा दुसऱ्याचा. तेव्हा पन्नासाच्या वर जायचं नाही, हे बाई घरूनच ठरवून आल्या होत्या.

"पन्नास," त्या म्हणाल्या.

"पंचावन."

अर्जुनराव फिटरच्या घरी ना लगीन, ना दुखणं. नडलेल्याची बोली वर चढवायची आणि वाटा खिशात टाकायचा, एवढाच त्या रविवारचा उद्योग.

गाळा गेला. पण आता गप्प बसलं तर भिशी अर्जुनरावांच्या गळ्यात पडून चुना त्यांनाच लागणार होता, आणि बाईंच्या वाट्याला पावणेतीन रुपये आयते येणार होते. चाळीस ताटांचा जमाखर्च तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला हे का कळत नव्हतं? त्यांनी तोंड मिटलंसुद्धा.

"हां, गप बसा," अर्जुनराव म्हणाले. "बायामानसानं भाकरी थापाव्या. बोलीला घरात दाल्ला लागतो."

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंचा नवरा गेल्याला वर्षही झालं नव्हतं.

"साठ!"

"पासष्ट."

"ऐंशी!"

"ताई, काय करताय?" शेजारी बसलेला जहीर मेकॅनिक कुजबुजला. "त्याला पैसा नकोच आहे. थांबा ना!"

"ठाऊक हाय मला. तू गप."

"पंच्याऐंशी," अर्जुनराव सावकाश म्हणाले.

"नव्वद!"

अर्जुनरावांनी हात जोडले. "घ्या बाई. आमी गरीब मानसं, तुमची बरोबरी न्हाई."

"वा ताई! खमक्या आहात!" म्हणत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि साडेचार-साडेचार रुपये खिशात घातले. बाईंच्या ओच्यात एकशे दहा आणि त्यांच्या वाट्याचे साडेचार आले. मान अजून ताठ होती. पागडी देता येणार नव्हती. हप्ते मात्र दोनशेचेच भरायचे होते.

लोक उठले. अर्जुनराव आपला वाटा मुठीत घेऊन बाईंपुढं आले.

"मागल्या महिन्याच्या जेवनाचं चार रुपये ऱ्हायलं व्हतं न्हवं आमच्याकडं? हे घ्या. कुनाचं ठेवायचं न्हाई बगा आपल्याला."

बाईंनी पैसे ओच्यात टाकले. अर्जुनराव हलेनात. हात तसाच पुढं.

"साडेचार दिलं बाई. आठ आनं निघत्यात की आमचं."