डावा हात

दाढेवर चिमटा बसला, तोंडावर हिरवं रबर ताणलं गेलं आणि सलूनवाल्याचं बोलणं बंद झालं. म्हणजे अगदी ठार बंद. दिवसभर कात्री आणि जीभ बरोबरीनं चालवणारा माणूस, आणि आता जबड्यात ठोकळा, गालात सूं सूं करणारी नळी, वर डोळ्यांत घुसणारा दिवा.

"दुखलं तर डावा हात वर करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकी काही करायचं नाही."

बाईंचा चेहरा काही दिसत नव्हता. पांढरा सूट, त्यावर एप्रन, दोन मास्क, चष्मा, वर आणखी काच. आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा.

आठ दिवस त्या दाढेनं त्याला नाचवलं होतं. साथीमुळं चार दवाखान्यांना कुलूप, उघडा हा एकच. इथंही दिवसाला तीनच पेशंट, आणि एक गेला की तासभर खिडक्या सताड उघड्या. दारात मावशींनी कपाळावर ती बंदूक रोखली, ताप नाही बघून आत घेतलं, त्याचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवला आणि फॉर्म पुढं सरकवला. टेबलावर पेनांचे दोन पेले, एकावर चिठ्ठी 'धुतलेली', दुसऱ्यावर 'वापरलेली'. प्रश्न सात. त्यानं सातही ठिकाणी 'नाही'वर खूण केली. पाचव्यापाशी पेन जरासं अडखळलं, एवढंच. घरात कुणाला ताप आहे का? धाकटी बहीण परवापासून आतल्या खोलीत फणफणत होती, कालच तिच्या नाकातला नमुना नेला होता. पण 'हो' लिहिलं असतं तर मावशींनी दारातूनच वाटेला लावलं असतं. साधाच असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि पेन वापरलेल्यांत टाकलं.

आता बाई काम करता करता बोलत होत्या. तोंडाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकाशी तोही असाच बोलायचा, समोरून उत्तर येणार नाही या खात्रीनं. बाई म्हणत होत्या की खाली झाडाखाली निळी गाडी आहे ना, तिच्यात त्यांचे बाबा बसलेत. बसलेले त्यानं पाहिले होते की! पुढच्या सीटवर, भिंग धरून पेपर वाचणारे आजोबा. येताना त्यांनी उगाच हात हलवला, म्हणून यानंही हलवला. तर त्या बाबांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. एक दिवसाआड डायलिसिस. घरात दुसरं कुणी नाही, ड्रायव्हर यायला तयार नाही. हा शेवटचा पेशंट उरकला की बाईच गाडी चालवत नेणार, चार तास थांबणार, परत आणणार.

"भाऊ फोनवर ओरडतो, दवाखाना बंद ठेव म्हणून," बाई म्हणाल्या. "त्याला म्हटलं, मी काय कुणालाही घेत नाही. सूट घालते मी, पण खरा भरवसा त्या फॉर्मवर."

सलूनवाल्याचा डावा हात वर गेला.

मशीन थांबलं. दुखलं का, बाईंनी विचारलं. त्यानं मान आडवी हलवायला बघितली, पण जबडाच बाईंच्या मुठीत, मान हलणार किती? बाईंनी आणखी एक सुई दिली. गाल गेला, ओठ गेला, जीभ तर दुसऱ्याच कुणाची तरी झाली.

बाहेर खुंटीवर फोन वाजला. थांबला. परत वाजला. मावशींनी दाराआडून सांगितलं की 'आई' असं नाव येतंय, हा दुसरा फोन.

हात पुन्हा वर. बाईंनी दाढेवर टकटक करून बघितलं, आता दुखणं शक्यच नाही म्हणाल्या. आणखी एकदा हात वर गेला तेव्हा मात्र त्या काचेआड हसल्या. काल याच खुर्चीत पाच वर्षांची चिमुरडी बसून गेली, तिनं एकदासुद्धा हात वर केला नव्हता म्हणे. मग त्यांनी त्याचा हात धरला, हळूच खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि वरून थोपटला. ते थोपटणं त्याला दोन्ही सुयांपेक्षा जास्त लागलं.

पुढची पंचवीस मिनिटं त्याच्यासमोर वरच्या दिव्याची काच होती आणि त्या काचेत त्याचंच तोंड. उघडं आणि गप्प.

रबर निघालं तसा तो ताडकन उठून बसला. "घलात... ताफ..."

"बोलू नका हो. दोन तास. जीभ चावून घ्याल," म्हणत बाई हात धुवायला वळल्या.

तो बाहेर आला. पिशवीतूनच फोनवरची ओळ दिसत होती. छोटीचा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह आहे, तू कुठं आहेस?

त्यानं मावशींना खुणेनं कागद मागितला. त्यांना वाटलं पावती हवी. मग त्यानं स्वतःच ढिगातून आपला फॉर्म ओढला, धुतलेल्यांतलं पेन घेतलं, पाचवं 'नाही' खोडलं, 'हो'वर खूण केली. शेजारी लिहिलं, 'बहीण. आत्ताच कळलं.' थोडा वेळ त्याकडे बघत राहिला. मग 'आत्ताच कळलं' खोडलं आणि लिहिलं, 'परवापासून.'

मावशींनी उलट्या बाजूनंच वाचलं. कागद कोपऱ्याला धरून आत गेल्या.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा.

बाई बाहेर आल्या. अंगावर सूट तसाच, हातात फॉर्म. त्याच्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली आजोबा गाडीच्या खिडकीतून अर्धे बाहेर आले होते आणि मनगटावर बोट आपटून विचारत होते, किती वेळ?

बाईंनी डावा हात वर केला. आणि तसाच ठेवला.