एकही पापड न लाटणारी

दिपमालाच्या धुळ्यातल्या पापडाच्या कारखान्यात धाकट्या भावानं, दीपकनं, हौसेनं कॅमेरे बसवले आणि कोण किती काम करतं हे बघायला एआय लावलं. आठवड्याभरात तो तावातावानं आला.

"अक्का, सुनंदाबाई दिनभर एक बी पापड लाटत नही. एआय म्हनस, तिनी गरजच नही!"

दिपमाला कशाला दचकते! तिनं त्याला लाटायच्या खोलीच्या दाराशी नेलं. जेवणाची सुट्टी संपायची होती, तरी सगळ्याजणी पोळपाटाशी येऊन बसल्या होत्या.

"वाचा ना बाई! काल तिथंच थांबलात, मग दार कोणी उघडलं?" लाटणाऱ्यांपैकी एकीनं घाई केली.

सुनंदाबाईंनी चष्मा चढवून कादंबरी उघडली. लाटणी भराभर फिरू लागली.

"सुनंदाबाई," दिपमालानं दारातूनच बजावलं, "आजही गोष्ट ऐन रंगात आली की थांबवा. उद्या सगळ्या वेळेआधी हजर पाहिजेत."