ओहोटीची वेळ

भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटी चार दहाची होती. चार वीस झाले तरी झडपवाला चाकाला हात लावून नुसता उभा होता.

झडप म्हणजे शहराच्या मोठ्या नाल्याच्या तोंडावरचा लोखंडी दरवाजा. भरतीला लावायचा, समुद्र आत येत नाही. ओहोटीला उघडायचा, साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. "गाढवालाही जमेल असं काम," असं तो स्वतःच सांगायचा. पूर्वी एकदा उघडली की पाच-पाच तास बघायला नको. मग तीनच तास मिळायला लागले. गेल्या वर्षी तर चहा पिऊन येईपर्यंत लावायची वेळ व्हायची.

फोन वाजला. धाकटी बहीण. नाल्याकाठच्या गल्लीत तळमजल्यावर राहायची.

"दादा, अरे उघड की! शिलाईचं मशीन पलंगावर चढवलंय, पोरांना टेबलावर बसवलंय. आता मी कुठे चढू, तुझ्या डोक्यावर?"

"लहानपणापासून तिथेच तर बसलीयेस. थांब, उघडतोच."

"दोन दिवस पाण्यात थांबलेच आहे. वीस वर्षं पगार काय चाक पुसायचा घेतोस?"

बोलणं लागलं त्याला. पण चूक तरी काय होती तिची?

आधीच्या म्हाताऱ्या झडपवाल्याने त्याला एक गोष्ट शिकवली होती. तक्ता कागदाचा असतो, पाणी कागद वाचत नाही. आधी वीतभर उघडायची, फटीपाशी वाळकी काडी टाकायची. काडी बाहेर गेली तर पूर्ण उघड. आत आली तर गुपचूप लाव.

त्याने वीतभर उघडली. काडी टाकली. काडी जागच्या जागी उभीच राहिली. ना आत, ना बाहेर.

असं वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. आता काय करावं माणसाने? तक्ता म्हणत होता ओहोटी. फोनवर पोरं रडत होती.

"जाईल, जाईल," तो पुटपुटला आणि चाकाला भिडला. चाळीस फेरे. दंड भरून आले, शर्ट घामाने चिकटला. झडप पूर्ण वर गेली.

"उघडली गं!" तो फोनवर ओरडला.

"उघडली! पोरांनो, मामाने उघडली!" तिकडे टाळ्या वाजल्या.

त्याने खाली पाहिलं. काडी हलली. हळूच वळली आणि शहराच्या दिशेने आत यायला लागली. तिच्यामागून समुद्राचा फेस आला.

"अरे देवा!" चाक उलटं. चाळीस फेरे परत. मध्येच त्याला रडू फुटलं, तरी चाक सोडलं नाही. शेवटचा फेरा बसला तेव्हा काडी केव्हाच नाल्यात दिसेनाशी झाली होती.

"दादा," बहिणीचा आवाज उतरला होता. "पाणी वाढतंय रे. टेबलाला लागलं."

"पोरांना घे आणि वर जा. गच्चीवर. मशीन राहू दे."

"मशीन राहू दे? अरे, घर चालतं त्याच्यावर!"

"ऐक माझं. चूक माझी आहे, नंतर हवं तेवढं बोल. आधी वर जा."

जिन्यावर पावलं वाजली. धाकटं पोर मोजत चढत होतं, एक, दोन, तीन. मग बहिणीची धाप ऐकू आली.

"आलो वर. किती वेळ बसायचं, ते तरी सांग. ओहोटी कधी लागणार?"

झडपवाल्याने तक्त्याकडे पाहिलं. मग झडपेबाहेर, काठोकाठ भरलेल्या पाण्याकडे.

"ही ओहोटीच आहे गं," तो म्हणाला.