दोनातलं एक मत

तीस वर्षं ओरिन दारोदार सांगत आला होता, "छोट्या पक्षाला दिलेलं मत वाया जात नाही." गावात त्याच्या पक्षाला दर निवडणुकीत दोनच मतं पडायची, एक त्याचं आणि एक हेस्टरकाकूंचं. यंदा टाउन हॉलच्या दारावर निकालाचा कागद लागला, तर मत एकच.

"म्हातारी फितूर झाली रे!" सगळे हसले. ओरिनही हसला.

संध्याकाळी नव्वदीच्या काकू काठी टेकत जॅमची बरणी घेऊन आल्या. "आताशा धड दिसत नाही रे बाळा. मतपत्रिकेवरचा गोल रंगवताना चुकलेच असेन मी. माफ कर मला."

"जाऊ द्या काकू," बरणी घेत ओरिन म्हणाला, "होतं असं कधी कधी."

मोठ्या पक्षापुढचा गोल त्याने मात्र नीट चष्मा लावून रंगवला होता.