गॅस नावाचा लंगडा कुत्रा

सकाळी दहा चाळीसला व्युत्पत्ती-संपादक खुर्चीतून ताडकन उठला आणि ओरडला, “सापडला चोर!”

समोर प्रतिस्पर्धी शब्दकोशाची ताजी आवृत्ती उघडी होती. उगाच नकलेचा आळ नको, म्हणून या कचेरीत तो कोश ठेवायलाच बंदी होती. आज मात्र संचालकांनीच तो त्याच्या टेबलावर आणून आदळला होता. “यांच्या व्युत्पत्त्या बघा आणि आपल्या बघा. पहिल्या तारखेपासून तुमचा विभाग बंद करावा म्हणतोय.”

‘गॅस’ या शब्दाखाली खरी व्युत्पत्ती होती : एका रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक ‘केऑस’वरून तो घडवला. त्याखाली बारीक टायपात, ‘काहींच्या मते, त्याच्या लंगड्या कुत्र्याचं नाव गॅस होतं.’

“हा कुत्रा माझा आहे,” संपादक म्हणाला.

कोशात एक थाप मुद्दाम पेरायची, ती दुसऱ्याच्या कोशात उगवली की नक्कल पकडायची, ही या धंद्यातली जुनी युक्ती. थापेची नोंद सीलबंद पाकिटात, कपाटात. संचालकांनी नऊ वर्षांपूर्वीचं पाकीट फोडलं. आत कुत्रा होता. लंगडासुद्धा.

“शाब्बास! राहिला तुमचा विभाग. आता त्यांना एक झणझणीत पत्र धाडा.”

पत्र लगेच माणसाबरोबर गेलं. संपादकाने बायकोला फोन लावला.

“बाबांनाही कळवा,” ती म्हणाली. “कुत्रा त्यांचाच ना?”

तेही खरंच. थापा मारणं त्याला कधी जमलं नव्हतं. सासरे जावयाशी मोजकंच बोलत. नोकरी कुठे केलीत विचारलं, तर “छापखान्यात,” विषय संपला. पण त्याला कोशात नोकरी लागली, त्या दिवशी जेवताना त्यांनी आपणहून हा कुत्रा काढला होता.

“खपेल का हो?”

“सहज खपेल, बाबा.”

“मग घ्या. तुम्हालाच दिला.”

“कळवतो,” तो बायकोला म्हणाला, “पण श्रेय माझं हं.”

“तुमचंच. दुसरं कोण मागतंय?”

चार वाजता उत्तर घेऊन तोच माणूस परतला. ‘तक्रारीबद्दल आभार. आम्हीही सव्वीस वर्षं चोराची वाट पाहत होतो.’ सोबत एका जुन्या सीलबंद कागदाची प्रत : ‘थाप – गॅस, लंगडा कुत्रा.’ खाली लफ्फेदार सही.

संचालकांनी चष्मा काढला. “त्यांचा त्या वेळचा संपादक कोण होता हो? सही लागत नाही.”

संपादकाला लागली होती. त्याच्या लग्नाच्या नोंदणीत ती वधूच्या वडिलांच्या रकान्यात होती.