आईचं पात्र

इंजेक्शनचा अंमल संध्याकाळी सहापर्यंत होता. तोवर चित्रपट स्पर्धेच्या परीक्षक निर्मलाताई घाटपांडे यांना आपल्याला मुलगी आहे हे आठवणार नव्हतं. नात्यागोत्याचा वशिला टाळण्यासाठी आता हाच नियम होता.

चर्चेअंती दोन चित्रपट उरले. त्यातला ‘मिठाचा बांध’ त्यांच्याच मुलीचा, तनयाचा होता.

“सुवर्णपदक ‘बांध’लाच!” सहपरीक्षक फर्नांडिस म्हणाले. “पोरगी नाटकाच्या तालमीहून येते आणि आई दार उघडत नाही. दोन तास जिन्यात बसते हो ती!”

“तेच खोटं वाटतं,” निर्मलाताई म्हणाल्या. “कुठली आई असं करेल?”

“आमची करायची.”

“मग तुम्ही तुमच्या आईला मत देताय, सिनेमाला नाही.”

फर्नांडिस हसले आणि तिथेच हरले. तिसऱ्या परीक्षकाने निर्मलाताईंची बाजू घेतली. पदक दुसऱ्या चित्रपटाला गेलं. ‘बांध’च्या शेऱ्यात निर्मलाताईंनी लिहिलं, ‘आईचं पात्र अविश्वसनीय.’

सहा वाजता त्यांना तनया आठवली. मग घराबाहेरचा जिना, आणि आपण आतून घट्ट धरून ठेवलेली कडी.

“मत आता बदलता येत नाही, ताई,” त्यांची नाडी बघत डॉक्टर म्हणाले.

“बदलायचं नाहीच. दुसरा चित्रपट खरंच सरस आहे.” त्यांनी पेन उचललं. “पण शेरे दिग्दर्शकांना पाठवतात ना? माझ्या शेऱ्याखाली एक ओळ लिहायची आहे.”

“लिहा की. मात्र शेऱ्यावर सही नसते.”

निर्मलाताईंनी लिहिलं, ‘आई अशीच होती.’

आणि खाली सही केली.