पाली विभागाच्या खोल्या

बैठक सुरू होण्याआधी कुलगुरूंनी सगळ्यांदेखत गजभिये मॅडमना वाकून नमस्कार केला. पाली विभागप्रमुख मॅडम सुखावल्या. आपला विद्यार्थी अजून माणसातच आहे, असं त्यांना वाटलं.

मग पाच वर्षांचा आराखडा निघाला. पाली विभाग बंद होणार होता आणि त्याच्या खोल्या डेटा सायन्सला जाणार होत्या.

"चार मुलांसाठी विभाग कसा चालवायचा, मॅडम?" कुलगुरूंनी मऊ आवाजात विचारलं.

बैठकीत त्यांना 'सर' म्हणायचं ठरवून आलेल्या मॅडमच्या तोंडून एकेरी निघून गेलं. "तुझ्या वर्षी तू एकटाच होतास. तेव्हाही विभाग बंद करायला निघाले होते. मी भांडले, म्हणून तू शिकलास."



"मी कुठे विसरलोय, मॅडम?" कुलगुरू म्हणाले. "म्हणून तर आधी नमस्कार केला. पुढचा विषय घ्या."